बाबा नाईटला, हिरो टीव्हीत

दुपारचे तीन वाजलेत. मोशीतल्या एखाद्या सोसायटीतला वन बीएचके. बेडरूमचं दार ओढून घेतलंय, खिडकीला जाड चादर लावलीय, कारण आत बाबा झोपलेत. सकाळी कंपनीच्या बसने चाकणहून आले, रात्री जेवून पुन्हा निघायचंय. हॉलमध्ये आठ वर्षांचा मुलगा. चेंडू आपटायचा नाही, सोफ्यावरून उडी मारायची नाही, मित्राला हाक मारायची नाही. उरतो तो मोबाईल, नाहीतर आवाज अगदी बारीक केलेला टीव्ही. पडद्यावर एक हिरो भिंतीवरून झेपावतोय आणि आपला मुलगा पाय पोटाशी घेऊन ती झेप बघतोय.

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, तळवडे, चाकणपर्यंत हजारो घरांत ही दुपार अशीच जाते. तिथल्या आईला किंवा बाबाला ‘मुलाला टीव्ही देऊ नका’ असं सांगणं सोपं आहे, पण त्याने काहीच होत नाही. घरात एक माणूस झोपलेला असताना मुलाला शांत ठेवायचं ही खरीखुरी अडचण असते. तेव्हा त्या हिरोला पडद्यातून बाहेर कसं काढायचं आणि घरातल्या शिफ्टच्या वेळात कसं बसवायचं, ते पाहू.

आळशी गावातला निळा हिरो

मुलांनी हलावं, नीट खावं, वेळेवर झोपावं, एवढ्याचसाठी जन्माला आलेला टीव्हीवरचा हिरो म्हणजे ‘लेझीटाऊन’चा स्पोर्टाकस. मालिका आइसलँडमधली. तिचा निर्माता मॅग्नस शेविंग हा स्वतः एरोबिक्समधला युरोपीय विजेता. आधी त्याने मुलांसाठी पुस्तक लिहिलं, मग नाटक आणलं आणि 2004 मध्ये मालिका आली. स्पोर्टाकसची भूमिकाही त्यानेच केली. निळा पोशाख, छातीवर 10 चा आकडा, टोकदार मिशा. कुणी संकटात सापडलं की छातीवरचा स्फटिक चमकतो आणि हा आपल्या आकाशयानातून खाली येतो. फळं-भाज्यांना तो ‘स्पोर्ट्स कँडी’ म्हणतो. साखर पोटात गेली की त्याच्या अंगातलं त्राणच जातं. आणि रात्री बरोबर 8 वाजून 8 मिनिटांनी तो झोपतो.

या मालिकेतला खलनायक रॉबी रॉटन आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. तो जमिनीखाली राहतो आणि त्याची तक्रार एकच: वर मुलं खेळतात, गोंधळ करतात, मला शांतता मिळत नाही. म्हणून साऱ्या गावाने आळशी व्हावं, घरात बसावं, यासाठी त्याचा आटापिटा.

आता पुन्हा मोशीतल्या त्या घरात या. इथेही एकाला शांतता हवी आहे. पण तो खलनायक नाही, घर चालवणारा माणूस आहे. त्याची झोप मोडली तर रात्री मशीनवर त्याचा हात चुकू शकतो. म्हणजे परदेशी मालिकेतलं सोपं गणित आपल्याकडे लागू पडत नाही. खेळणारं मूल बरोबर आणि झोपणारा माणूस चूक, असं इथे म्हणता येणार नाही. दोघंही बरोबर आहेत. आपल्याला तोडगा काढायचा आहे तो या दोघांच्या वेळापत्रकाचा.

आपले हिरो काय शिकवून गेले

आज तिशी-चाळिशीत असलेल्या पालकांना त्यांचा हिरो आठवत असेल. ‘शक्तिमान’ 1997 च्या सप्टेंबरमध्ये दूरदर्शनवर सुरू झाला आणि 2005 पर्यंत चालला. त्याची शक्ती योग-साधनेतून, कुंडलिनीच्या चक्रांतून आलेली. भागाच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ या सदरात शक्तिमान साकारणारे मुकेश खन्ना मुलांना चांगल्या सवयी सांगायचे. दात घासणं, खरं बोलणं, मोठ्यांचं ऐकणं. त्या काळी कितीतरी मुलांनी हे आईच्या सांगण्यावरून केलं नसतं, ते शक्तिमानच्या सांगण्यावरून केलं.

पण त्या काळात दोन गोष्टी आणखीही घडल्या. एक म्हणजे मालिकेला बिस्किटाचं प्रायोजकत्व होतं, आणि चहा-बिस्कीट हा आपल्या पोरांचा नाश्ता तेव्हाच पक्का होत होता. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलं धोक्याच्या उड्या मारतात अशा बातम्या आल्या आणि अशी नक्कल करू नका, असं मुलांना बजावावं लागलं.

पुढच्या पिढीला 2008 पासून ‘छोटा भीम’ मिळाला. लाडू खाल्ला की भीमाला बळ येतं. 2012 मध्ये ‘मोटू पतलू’ आले, तिथे मोटूला समोसा. यात वाईट काही नाही. लाडू हे आपलंच अन्न. फक्त एक फरक मुलांना दाखवून द्यायला हवा: भीम लाडू खाऊन धावतो, आपण लाडू खाऊन पुढचा भाग लावतो.

आधी माप समजून घ्या

कंपनीत काम करणाऱ्याला मापाशिवाय चैन पडत नाही, म्हणून मापापासूनच सुरुवात करू. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू-हाडं बळकट करणारे खेळ खेळावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 3-4 वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून 3 तास हलतं राहावं, त्यातला एक तास जोराचा असावा. 2 वर्षांखालच्या मुलाला पडदा नकोच, आणि 5 वर्षांपर्यंत दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते.

60 मिनिटं ऐकून घाबरू नका. ती सलग लागत नाहीत. शाळेत चालत जाण्याची 10, मधल्या सुट्टीतली 15, संध्याकाळची 25 आणि घरातली 10 अशी बेरीज चालते. ‘दम लागेल अशी’ म्हणजे काय? खेळताना मूल बोलू शकेल, पण गाणं म्हणू शकणार नाही, इतका दम. हे तपासायला घड्याळही लागत नाही.

शिफ्टप्रमाणे खेळाची वेळ

‘रोज संध्याकाळी 6 ला मैदानावर’ हा नियम ऑफिसवाल्यांच्या घरात चालेल. जिथे शिफ्ट बदलते, तिथे तो दुसऱ्या आठवड्यात मोडतो आणि एकदा मोडला की सुटतोच. म्हणून नियम एक ठेवू नका, तीन ठेवा.

*फर्स्ट शिफ्टचा आठवडा.* बाबा किंवा आई पहाटे निघतात आणि दुपारनंतर परततात. हा सगळ्यात सोपा आठवडा. परत आल्यावर तासभर पडा, मग मुलाला घेऊन खाली उतरा. रॅकेट, फुटबॉल, लंगडी, काहीही. फक्त बाकावर बसून मोबाईलमध्ये डोकं घालू नका, मूल ते बघत असतं.

*सेकंड शिफ्टचा आठवडा.* संध्याकाळी तुम्ही घरी नाही, पण सकाळ तुमची आहे. मुलाची शाळा पायी जाण्याच्या टप्प्यात असेल तर या आठवड्यात व्हॅन बंद ठेवून त्याला चालत सोडा. शाळा दुपारची असेल तर सकाळी अर्धा तास मैदान. शहरभर महापालिकेची उद्यानं आहेत. निगडी-प्राधिकरणात राहत असाल तर दुर्गा टेकडी आहे. टेकडीची चढण मुलाच्या पायाला जे देते ते सपाट पार्किंग देत नाही. संध्याकाळी आई एकटी आणि स्वयंपाकही बाकी, अशा वेळी गॅलरीत किंवा पॅसेजमध्ये दोरीवरच्या उड्या. शंभर उड्यांत आठ वर्षांचं मूल घामाघूम होतं.

*नाईटचा आठवडा.* खरी परीक्षा इथे आहे. या आठवड्यासाठी दोन गोष्टी करा.

पहिली म्हणजे न वाजणाऱ्या खेळांची यादी. चटई अंथरून सावकाश सूर्यनमस्कार. ‘बगळा’, म्हणजे एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटून. ‘भिंतीची खुर्ची’: पाठ भिंतीला टेकवून, खुर्चीत बसल्यासारखं गुडघे वाकवून, मनातल्या मनात शंभर मोजायचे. ‘फुगा’: फुगवलेला फुगा फक्त डोक्याने, कोपराने, गुडघ्याने हवेत ठेवायचा, जमिनीला लागला की बाद. ‘मांजर’: चार पायांवर, पोट जमिनीला न लावता, आवाज न करता हॉलला तीन फेऱ्या. यातला गमतीचा भाग म्हणजे आवाज न करणं हाच नियम. मुलांना ‘गप्प बस’ म्हटलं की राग येतो, पण ‘आवाज झाला की आऊट’ म्हटलं की तीच शांतता खेळ होते.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलांचीही शिफ्ट लावा. एका विंगमध्ये नाईट करणारं घर तुमचं एकट्याचं नसतं. चार घरांनी ठरवायचं: सोमवारी संध्याकाळी पाच ते सहा एक आई सगळ्या पोरांना खाली नेईल, मंगळवारी दुसरी, बुधवारी आजोबा. रोज कुणाचं तरी एक तासाचं लक्ष आणि बाकी तिघांना एक तास मोकळा. ज्याच्या घरी माणूस झोपलाय त्यालाही शांतता मिळते. पूर्वी कंपनीच्या कॉलन्यांत हे न ठरवता व्हायचं. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या वसाहतीसारख्या ठिकाणी मैदान दाराशी होतं आणि लक्ष ठेवायला प्रत्येक ओटा जागा होता. आज मोशी-चऱ्होलीच्या टॉवरमध्ये ओटा नाही, म्हणून तो व्हॉट्सॲपवर ठरवून उभा करावा लागतो.

आणि बाबा उठल्यावर? बसला निघेपर्यंत हातात दोन-तीन तास असतात. त्यातली वीस मिनिटं मुलाची. तेवढ्या वेळात आवाजाची सगळी बंदी उठवा. दिवसभर दाबलेला दंगा वीस मिनिटांत बाहेर पडू द्या. मात्र हे जेवणाआधी उरका, झोपायच्या तोंडावर नको, नाहीतर मूल जागं राहील.

एक भाग, एक खेळ

टीव्ही पूर्ण बंद करण्याच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा त्याला कामाला लावा. नियम साधा: एक भाग संपला की त्यात हिरोने जे अंगाने केलं, त्यातलं एक करून दाखवायचं. हिरो पळाला असेल तर जिन्याच्या दोन फेऱ्या, वाकून सुटला असेल तर टेबलाखालून सरपटत जाणं, कुणाला उचललं असेल तर पाण्याची कळशी स्वयंपाकघरापर्यंत. केल्याशिवाय दुसरा भाग नाही. आपोआप पुढचा भाग लावणारी सोय मोबाईलमध्ये बंद करून ठेवा, नाहीतर हा नियम पहिल्याच दिवशी हरेल.

नक्कल कशाची करायची नाही हेही आधीच सांगा. शेविंग स्वतः पट्टीचा खेळाडू होता, त्याच्या कोलांटउड्यांमागे वर्षानुवर्षांचा सराव होता. गॅलरीचा कठडा, गच्ची, पाण्याची टाकी, उभे ट्रक, लिफ्टचा दरवाजा ही हिरोगिरीची जागा नाही. उडी मारायचीच तर गुडघ्याएवढ्या उंचीवरून, गादीवर, आणि पडताना गुडघे वाकवून कसं पडायचं ते शिकवून. कोलांटउडी, मल्लखांब, कुस्ती शिकायचीच असेल तर उस्तादांकडे पाठवा. भोसरी हे कुस्ती-कबड्डीचं गाव, तिथली तालीम मुलाला बळ देते आणि ते आवरायलाही शिकवते.

सायकल दिली असेल तर ती सोसायटीच्या आत आणि उद्यानाजवळ. चाकण-तळेगाव किंवा चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत मुलाची सायकल घालू नका, मूल कितीही तरबेज असो.

आपली ‘स्पोर्ट्स कँडी’

फळांना नवं नाव देण्याची स्पोर्टाकसची युक्ती उचलण्यासारखी आहे. सफरचंद-किवी आणायची गरज नाही. थंडीत पेरू, बोरं, हरभऱ्याचे हिरवे घाटे. उन्हाळ्यात कलिंगड, करवंदं, जांभळं. पावसात कणीस, पुढे सीताफळ. केळी बाराही महिने. नाव मुलालाच ठेवू द्या. पेरूच्या फोडीला ‘भीमाचा लाडू’ म्हटलं तरी चालेल.

साखरेचा हिशेब मात्र एकदा मुलाबरोबर बसून करा. वरून घातलेली साखर मुलांच्या पोटात दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असावी, म्हणजे साधारण पाच-सहा चहाचे चमचे. थंड पेयाच्या बाटलीवरचा मजकूर मुलाला वाचायला लावा. बहुतेक कोलांमध्ये 100 मिलिलिटरला 10 ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे 300 मिलिलिटरच्या एका बाटलीत दिवसाचा कोटा संपून वर थोडी उधारी. 2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं ते याचसाठी. शाळेत बोर्ड असेल तर मुलाला त्यावर काय लिहिलंय ते घरी सांगायला लावा. नसेल तर स्वयंपाकघरात तुम्ही लावा.

चहा-बिस्किटाच्या नाश्त्याला उत्तर म्हणून रात्रीची पोळी दुधात कुस्करून, थालीपीठ, मोडाची उसळ, शेंगदाणा-गुळाचा एक लाडू. वडापाव कायमचा बंद करू नका, त्याने मुलाच्या मनात तो मोठा होतो. आठवड्यातून एक वार ठरवून द्या. आणि खाणं हे बक्षीस किंवा शिक्षा करू नका. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या वाक्याने मुलाला भाजी ही शिक्षा आहे, एवढंच कळतं.

घरातली चेकशीट

लाईनवर चेकशीट भरणाऱ्या माणसाला हे शिकवायला नको. घरच्या भिंतीवर एक कागद लावा. सात रकाने, चार ओळी: दम लागला का, दोन फळं झाली का, पडदा ठरल्याएवढाच का, वेळेत झोप झाली का. खूण मूल करेल. पण त्याच कागदावर आई-बाबांचीही एक ओळ हवी. कंपनीत शिफ्ट सुरू होताना हात-पाय मोकळे करायची कवायत करून घेत असतील तर ती मुलाला शिकवा आणि घरी पोरालाच सुपरवायझर करा. बाबाची खूण राहिली की ओरडायचा हक्क त्याचा.

कागदावर गुण, क्रमांक, वजन लिहू नका. जाड मुलाला ‘जाड्या’ आणि बारीक मुलाला ‘काडी’ म्हणणारं घर कितीही पेरू खाऊ घालो, मूल मैदानावर जायला लाजतं. थोड्या पळण्याने छाती भरून येत असेल, खेळताना धाप लागून खोकला येत असेल, वजन झपाट्याने वाढत किंवा घटत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, मग खेळ वाढवा.

सुट्टीचा वार जुळत नाही तेव्हा

शाळेला रविवार, पण इथल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवार. त्यामुळे पूर्ण दिवस क्वचितच एकत्र मिळतो. गुरुवारी शाळा सुटल्यावर दोन तास आणि जुळेल त्या रविवारी अर्धा दिवस, एवढंच धरा.

अर्ध्या दिवसासाठी घोरावडेश्वरची लेणी, देहूजवळचा भंडारा डोंगर. दोन्हीकडे आठ-दहा वर्षांचं मूल स्वतःच्या पायांनी चढतं. लहान मुलं असतील तर चाकणचा संग्रामदुर्ग. भुईकोट असल्यामुळे चढ नाही. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर लोकांनिशी शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेला इथे जवळजवळ दोन महिने थोपवून धरलं. तुम्ही रोज ज्या चाकणला जाता, तिथे आकाशयान नसलेले हिरो लढले होते, हे मुलाला त्या तटापाशी सांगा. चालणं आपोआप होईल.

आणि जिवंत हिरोही दाखवा. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. खो-खोला ना पोशाख लागतो, ना स्फटिक. दोन खांब, मोकळी जमीन आणि पोरांच्या दोन टोळ्या असल्या की झालं.

सुरुवात बस स्टॉपपासून

सगळं एकदम करायला जाऊ नका. आज पुढच्या आठवड्याची शिफ्ट कोणती ते बघा आणि त्या शिफ्टसमोर एकच खेळ लिहा.

तोही सुचत नसेल तर हे करा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात कंपनीची बस जिथे सोडते, त्या कोपऱ्यावर आईने किंवा आजीने मुलाला घेऊन यावं. बसमधून उतरलेल्या माणसाच्या हातातली डब्याची पिशवी मुलाने घ्यावी आणि घरापर्यंत दोघांनी भरभर चालत यावं. मध्ये लिफ्ट आली तर ती सोडून जिना. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोघांनाही गाणं म्हणता येणार नाही इतका दम लागलेला असेल. दार उघडल्यावर भिंतीवरच्या कागदावर दोघांनी आपापली खूण करायची.